चार जागांचा कारभारी

यवतमाळातल्या एका सिव्हिल कन्सल्टंटच्या ऑफिसात, यूपीएसच्या बाजूला, एक जुना सीपीयू दिवसरात्र चालू असायचा. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. वर चिकटपट्टीने लावलेला कागद : ‘बंद करू नये’. नवा शिपाई त्याच्यावर पाण्याचा जग ठेवायचा. पण ड्रॉइंग हॉलमधली नऊ माणसं याच्याच मर्जीवर. हा लायसन्स सर्व्हर. नकाशे काढायच्या ऑटोकॅडची चार नेटवर्क लायसन्सं याच्या ताब्यात.

कुणी ऑटोकॅड उघडलं की ते मशीन लॅनवरून याला विचारायचं. जागा रिकामी असली तर हा द्यायचा, प्रोग्राम बंद झाला की परत घ्यायचा. एकेरी रुळावर टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय रेल्वेचा ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही, तसाच हिशेब. पाचव्याला नकार, मग तो पाचवा खुद्द मालक का असेना. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याच्या एल-सेक्शनचा नकाशा आजच द्यायचाय, हे सांगून उपयोग नाही. सर्व्हरच्या ऑप्शन्स फाइलमध्ये कुणाची जागा राखून ठेवली असेल तरच अपवाद. एरवी हुद्दा, वशिला, घाई यांना इथे थारा नाही.

त्याची एक लॉग फाइलही असायची. कोण, कोणत्या मशीनवर, किती वाजता : दिलं की ‘आउट’, परत आलं की ‘इन’, नाकारलं की ‘डिनाइड’. मार्चएंडला बिलं काढायची घाई असली की ‘डिनाइड’ पानभर. मग हॉलमधून आरोळी : “अबे, कोन ठेवलं चालू? बंद कर ना बाप्पा!” आणि चालू ठेवणारा खाली टपरीवर चहा पीत उभा.

सर्व्हरचा दोष हाच. वापरणं आणि नुसतं धरून बसणं यांतला फरक त्याला आपणहून कळत नाही. पडून राहिलेलं लायसन्स किती वेळाने काढून घ्यायचं ते ऑप्शन्स फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं, तेही पंधरा मिनिटांच्या आत नाही. दिग्रसच्या साइटवर जाणारा इंजिनिअर लॅपटॉपवर लायसन्स उसनं न्यायचा. ते परत करेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत चारातलं एक वजा.

कायदाही याच्याच बाजूचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो, आणि जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा साहित्याच्या या रखवालदाराला मात्र कुणी बोलावलं नाही.

ऑगस्ट २०२०पासून ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीने अशी सामायिक लायसन्सं मोडीत काढायला सुरुवात केली. एका नेटवर्क जागेच्या बदल्यात दोन, पण प्रत्येक ज्याच्या-त्याच्या नावावर. चार जागांत नऊ जणांचं भागत होतं, ते आठांत भागेना. नऊ माणसं म्हटली की नऊ लायसन्सं आली. आळीपाळीने वापरून वाचणारा पैसा गेला तो गेलाच.

इतर बऱ्याच सॉफ्टवेअरची नेटवर्क लायसन्सं अजून चालतात. तुमच्या ऑफिसात असतील तर आणखी एक जागा विकत घेण्याआधी लॉगमधले ‘डिनाइड’ मोजा, पडून राहिलेल्या लायसन्सला मुदत घाला. आणि चहाला उठताना फाइल सेव्ह करून प्रोग्राम बंद करा.