पुलापलीकडचं गिऱ्हाईक

सिरोंच्यात पूर्वी कोणी नवं कापड घेतलं की बायका विचारायच्या, "कोणाच्या दुकानातून?" आता विचारतात, "कुठून?" मंचेरियाल, वरंगल की थेट हैदराबाद, एवढंच उत्तर त्यांना हवं असतं. गावातल्या दुकानाचं नाव निघालं तर विचारणारी जरा गप्प होते. आमच्या अब्बांनी आणि त्यांच्यानंतर भाईजानने याच गावात किराणा आणि कापडाचं दुकान चालवलं. त्यामुळे ती का गप्प झाली ते मला सांगावं लागत नाही.

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी सिरोंचा पाहिलं नसेल. गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठावर हे गाव आहे. थोडं खाली प्राणहिता गोदावरीला मिळते आणि समोर तेलंगणातलं कालेश्वरम दिसतं. तालुक्याची दुसरी बाजू इंद्रावतीने धरली आहे, तिच्या पलीकडे छत्तीसगड. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास, तेही आलापल्लीच्या जंगलातून. या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग म्हणतात. पावसाळ्यात एसटीने तिथून जाताना खिडकीशी बसलेला माणूस कलमा पढत असतो, इतकंच सांगते. उलट नदी ओलांडली की मंचेरियाल शंभर किलोमीटरच्या आत आणि वरंगल दीडशेच्या आत. रेल्वे स्टेशनही आम्हाला जवळचं म्हणजे मंचेरियालचंच. घरात कोणी तेलुगू बोलतं, कोणी गोंडी, आमच्याकडे दखनी. मराठी शाळेत आणि कचेरीत. निम्मे नातेवाईक पलीकडचे.

पलीकडे 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं. आमचे दादा सांगायचे की गल्ल्यात दोन कप्पे असत, एक हाली शिक्क्याचा आणि एक इंग्रजी कलदार रुपयाचा. नदी ओलांडून माल आणायचा तर निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. त्याच्याही आधी, 1860 च्या दशकात, इंग्रजांना ही नदीच व्यापाराचा रस्ता करायची होती. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून बोटींनी थेट समुद्राकडे न्यायचा असा बेत होता आणि सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. पात्रातले खडक आडवे आले, खर्च वाढत गेला, तोवर रेल्वे आली. 1871 मध्ये ते काम सोडून दिलं. नंतर जवळपास दीडशे वर्षं नदी म्हणजे अडथळाच राहिली.

त्या अडथळ्याने दुकानदारांना सांभाळलं, हे आज कबूल करायला हवं. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात पात्र आटलं की वाळूतून ट्रॅक्टर आणि जीप जायच्या. पावसाळ्यात होडी, आणि पूर आला की तीही बंद. तेल, साखर, साबण, शाळेचं कापड हे सगळं गावातच घ्यावं लागे. अब्बा जूनच्या आधी चार महिन्यांचा माल भरून ठेवत. गोदामात मिठाच्या आणि गुळाच्या पोत्यांवर आम्ही भावंडं चढून बसायचो. भाव अब्बाच ठरवत. त्यांनी माप-तोलात खोट केली नाही, पण दुसरीकडे जायची सोय नसलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार जो भाव लावतो तो त्यांनीही लावला. मग गोदावरीवर पूल झाला. दोन-चार वर्षांच्या आत प्राणहितेवर आणि इंद्रावतीवरही पूल झाले. तीन राज्यं एकमेकांना जोडली गेली.

पुलाने गावाचं भलं केलं का, असा प्रश्न मला चंद्रपूरला शाळेतले सहकारी विचारतात. माझं उत्तर, आधी मिरची उत्पादकाला विचारा. आमच्या तालुक्यातली मिरची पूर्वी आलापल्लीच्या रस्त्याने नागपूरला जायची किंवा गावात आलेल्या दलालाला तो म्हणेल त्या भावाने द्यावी लागायची. आता शेतकरी सकाळी गाडी भरतो आणि वरंगलच्या एनुमामुला बाजारात स्वतः उभा राहतो. दलाल तिथेही आहेतच. पण एकाने कमी बोली लावली तर दुसरा शेजारीच असतो. दुसरं उत्तर बाळंतिणीच्या घरी मिळेल. अडलेल्या बाईला रात्री होडीत घालून नेताना काय हाल होत ते ज्या घरांनी पाहिलं, त्यांच्यापुढे किराणा दुकानाची मंदी हा बोलायचा विषयच नाही. भाईजानही तो काढत नाही.

पण मंदी आहे. गिऱ्हाईक पुलावरून तिकडे जातं, तिकडचं गिऱ्हाईक तितकं इकडे येत नाही. मंचेरियालचं दुकान मोठं, माल जास्त, घाऊक खरेदी असल्याने भाव कमी. लग्नाची बरी तर पूर्ण तिकडूनच येते. इकडे लोक येतात ते आठवडी बाजाराला, दर्ग्याच्या उरुसाला आणि एप्रिल 2022 सारख्या प्राणहिता पुष्करमला. पुष्करमच्या त्या बारा दिवसांत सिरोंच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नारळ, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे डबे, चहा यांचा धंदा जोरात झाला. तेरावा दिवस मात्र नेहमीसारखाच होता. तेलंगणात डिसेंबर 2023 पासून तिथल्या रहिवासी बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. पलीकडच्या बाईला फुकटात मंचेरियाल गाठता येतं, सिरोंच्याला यायचं तर तिकीट काढावं लागतं. ती कशाला येईल?

जीएसटीचंही तसंच आहे, आणि हे थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या समाजात छोटे दुकानदार पुष्कळ आहेत. 1 जुलै 2017 च्या आधी दुसऱ्या राज्यातून माल आणायचा तर केंद्रीय विक्रीकर आणि सी फॉर्मची भानगड होती. ती गेली. आता तेलंगणातून माल आणणं सोपं आहे. 50,000 रुपयांवरच्या खेपेला ई-वे बिल काढलं की झालं. पण इकडून तिकडे माल पाठवायचा असेल तर? भाईजान कंपोझिशन योजनेत आहे. उलाढालीवर ठरावीक टक्का भरायचा, हिशेब सोपा. या योजनेतला दुकानदार दुसऱ्या राज्यात माल पाठवू शकत नाही. ज्याने नोंदणीच केलेली नाही त्यालाही तो हक्क नाही. दुकानात येऊन कोणी घेऊन गेलं तर हरकत नाही, पण कालेश्वरमच्या दुकानदाराने फोन करून "दहा पोती पाठवा" म्हटलं तर पाठवता येत नाही. त्यासाठी नियमित नोंदणी, विवरणं, हिशेबनीस असं सगळं लागतं. पुलावर कोणी अडवत नाही, तरी लहान दुकानदारासाठी तो एकाच बाजूने चालू आहे. भाईजानचं म्हणणं, "आना आसान है, जाना नहीं."

दोन सरकारांचे नियम वेगळे असले की सीमेवर एक वेगळाच धंदा उभा राहतो. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. लोकांनी, विशेषतः बायकांनी लढून मिळवलेली. पूल ओलांडला की परवान्याची दुकानं. तेलंगणात रेशनचा तांदूळ अनेक वर्षं एक रुपया किलोने मिळाला, पुढे मोफत झाला. तो रात्री इकडे येतो आणि पोतं बदलून विकला जातो. पावसाळ्याच्या तोंडावर परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणंही येतं. हे सगळं वर्तमानपत्रात छापून येतं, गाड्या पकडल्या जातात आणि आठवड्याने पुन्हा येतात.

भाईजानच्या थोरल्या मुलाने तीन वर्षांपूर्वी छोटा हत्ती घेतला. फायनान्सवर घेतला. त्यावरच्या व्याजाबद्दल घरात जे बोलणं झालं तो वेगळा विषय आहे. वर्षभर बरं चाललं, मग गावात अशाच गाड्या वाढल्या आणि भाडं मिळेना. तेव्हा एकाने त्याला सांगितलं की महिन्यात चार रात्री गाडी दे, हप्त्याची काळजी सोड. माल काय ते न विचारण्याचेच पैसे होते. पोराने घरी लपवलं नाही, हे त्याचं चांगलं. तो म्हणाला, "मैं तो खाली गाडी चलाऊंगा, माल मेरा थोडी है." मी त्या वेळी दिवाळीच्या सुट्टीत माहेरी होते. भाभीने ताटं वाढता वाढता त्याला हदीस ऐकवली, दारूबाबतची लानत पिणाऱ्यापुरती नाही, वाहून नेणाऱ्यावरही आहे. त्याने विचारलं, "और तांदूळ?" मराठी शब्दच वापरला त्याने. भाभीकडे त्याचं उत्तर तयार नव्हतं. ते भाईजानने दिलं. "वो किसी गरीब के राशन का है. उसके घर से निकला तभी इधर आया."

हे बोलणं सोपं होतं, असं मी म्हणणार नाही. पुढचे चार हप्ते दुकानातून गेले आणि भाभीचा एक दागिना विकावा लागला. शिवाय तो तांदूळ भाईजान ठेवत नाही, म्हणून त्याच्याकडचा तांदूळ इतरांपेक्षा महाग असतो. गिऱ्हाइकाला कारण माहीत असतं, तरी ते स्वस्त तांदूळच घेतं. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते त्या बाईने किलोमागे चार रुपये वाचवू नयेत, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? प्रामाणिकपणाची किंमत दुकानदाराने भरायची की गिऱ्हाइकाने, याचा हिशेब माझ्या बीएडच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि दोन्ही राज्यांनी सीमा बंद केल्या. तो मिरची तोडण्याचा हंगाम होता. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या गावांतून हजारो बाया-माणसं दरवर्षी खम्मम-वरंगलकडे तोडणीला जातात, मजुरी मिरचीतच घेऊन येतात. ती सगळी तिकडे अडकली. कित्येक जण लेकरं घेऊन पायी निघाले आणि पूल बंद म्हणून नदीच्या पात्रातून उतरून आले. त्या दिवसांत आमच्या दुकानासमोर पुन्हा रांग लागली. मंचेरियालला जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक परत आलं होतं, फरक इतकाच की हातात पैसे नव्हते. भाईजानने वही उघडली.

उधारी हा आमच्या धंद्याचा जुना भाग. मिरची किंवा धान निघेपर्यंत द्यायचं, व्याज घ्यायचं नाही, पण लिहायचं नक्की. सूरह बकरामधली सर्वांत लांब आयत देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे अब्बा नव्या नोकराला पहिल्या दिवशी सांगत. त्या वर्षी दोन वह्या भरल्या. पूल उघडल्यावर बहुतेकांनी हळूहळू फेडलं. काहींनी फेडलं नाही आणि रोखीची खरेदी मात्र पलीकडून सुरू केली. दुकानावरून जाताना ते मान खाली घालतात. भाईजान सलाम करतो, तर ते आणखी भरभर चालतात. मोठ्या दुकानात उधारी नाही, तिथे स्कॅनर लावलेला असतो. म्हणजे रोख असताना पूल आणि अडचण असताना भाईजान, अशी वाटणी झाली आहे. केवळ अडचणीतल्या गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही.

हे त्याला मीच गेल्या वर्षी वहीतली बेरीज काढून दाखवलं. थोरल्या भावाशी असं बोलायची रीत आमच्याकडे नाही, पण मास्तरणीला थोडी सूट असते. तेव्हापासून दोन बदल झाले. कापडाचा भाग त्याने बंद केला. तिथे शेतीची अवजारं, फवारणी पंपाचे सुटे भाग, मिरची भरायचे बारदाने ठेवले. पंपाचा वायसर तुटला तर त्यासाठी कोणी मंचेरियालला जात नाही. दुसरा बदल पोराने केला. अंकिसा, आसरअल्ली, झिंगानूर या बाजूच्या गावांत लहान दुकानं आहेत. त्यांना एकेकट्याने मंचेरियालला जाऊन घाऊक माल आणणं परवडत नाही. तो सोमवारी फोनवर सगळ्यांच्या याद्या घेतो, मंगळवारी गाडी नेतो, प्रत्येकाच्या नावाचं वेगळं बिल करून माल आणतो आणि पोत्यामागे भाडं घेतो. पैसा फार नाही. हप्ता निघतो, डिझेल निघतं आणि गाडी दिवसाउजेडी चालते. भाभी अजून त्या विकलेल्या दागिन्याचा उल्लेख करते, पण हसून.

सध्या सहा दुकानदार त्याच्याकडून माल मागवतात. रमजानच्या आधी सातव्याने विचारलं होतं. खजूर, शेवया, बेसन अशी मोठी यादी होती, भाडंही चांगलं सुटलं असतं. यादीच्या शेवटी वीस पोती तांदूळ होता, बिलाशिवाय. त्याने यादी परत केली.