आमचें परसूं आणि त्यांतील पांखरें

वसंत ऋतु म्हटला कीं पुस्तकांत वाचलेलीं वर्णनें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात: हिरवीं कुरणें, मंद वारा आणि जिकडे तिकडे फुलांचा बहर. परंतु देशावर राहणाऱ्या आपणां लोकांचा वसंत इतका सौम्य नसतो. आमच्या साताऱ्यास फाल्गुनाच्या अखेरीस पहांटे अंगावर पांघरूण ओढावेंसें वाटतें आणि त्याच दिवशीं दुपारीं पारा पस्तीस अंशांच्या घरांत जातो. कडुलिंबाचीं पिवळीं पानें अंगणांत गळत असतां त्याच फांदीवर तांबूस पालवी फुटत असते. जुन्याचा निरोप आणि नव्याचें स्वागत एकाच दारीं चाललेलें असतें. मध्येंच एखाद्या दुपारीं आभाळ भरून येतें, वावटळ उठते आणि अवकाळी पाऊस आंब्याच्या बाळकैऱ्या झोडपून टाकतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें महाराष्ट्रांत झालेली गारपीट शेतकरी अद्याप विसरलेले नाहींत. ऋतु असा लहरी असल्यामुळें ज्याच्या घरीं चार झाडें आहेत त्यास या दिवसांत स्वस्थ बसतां येत नाहीं.

माझ्या राहत्या घरामागें एक लहानसें परसूं आहे. एक कडुलिंब, एक शेवगा, दोन पेरू, मोगऱ्याचे वाफे, भिंतीवर चढलेली बोगनवेल आणि तीन बाजूंनीं मेंदीचें कुंपण, एवढाच त्याचा विस्तार. पण कामें पुष्कळ. झाडांचीं आळीं उकरून मोठीं करावीं, त्यांत कुजलेलें शेणखत घालावें, भेंडी, गवार, दुधी यांचें बीं टोकावें, मोगऱ्यास पाणी वाढवावें, वाळक्या फांद्या काढाव्या, कुंपण कातरावें आणि गळलेला पाला झाडावा. शनिवारीं शाळा सुटल्यावर नवव्या इयत्तेंतील दोन-चार मुलें हौसेनें मदतीस येतात. तेव्हां मी त्यांच्या हातीं कुदळ, झाडू व कात्री देतों आणि त्याबरोबर आणखी एक काम सांगतों. तें हें कीं, कोणत्याही झाडास हात लावण्यापूर्वी त्यावर कोण बसला आहे तें पाहून मला येऊन सांगावें.

पक्षी ओळखणें हें केवळ पंडितांचें काम आहे असा कित्येकांचा समज असतो. वास्तविक त्यास आरंभ करणें फार सोपें आहे. चिमणी, बुलबुल, साळुंकी आणि कावळा हे चार पक्षी आपण सारेच जाणतों. तींच आपलीं चार मापें. नवा पक्षी दिसला कीं तो चिमणीहून मोठा कीं लहान, साळुंकीएवढा कीं कावळ्याएवढा, हें प्रथम ठरवावें. मग चोंच पहावी. आंखूड व जाड चोंच दाणे फोडणाऱ्याची, लांब, बारीक व वांकडी चोंच फुलांतील मध शोषणाऱ्याची. नंतर शेपूट, तिची ठेवण व हालचाल. जो लहानसा हिरवट पक्षी शेपटी उभी धरून झुडपांत उड्या मारतो आणि आपल्या देहाच्या मानानें फारच मोठ्यानें ओरडतो, तो शिंपी. रुंद पानांच्या कडा कापसाच्या वा कोळिष्टकांच्या धाग्यांनीं टांचून तो आपलें घरटें शिवतो, म्हणून त्याचें हें नांव.

रंगावर मात्र एकदम विश्वास ठेवूं नये. हिवाळ्यांत पेरूवर येणारा शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी, वरून मळकट तपकिरी व खालून फिकट पिवळा असतो; नराच्या गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ असते एवढेंच. तोच नर विणीचा काळ आला कीं निळा-जांभळा झगझगीत पोशाख चढवितो, आणि मुलांना वाटतें हा दुसराच कोणी आला. कोकिळेविषयींही असाच गैरसमज आहे. आमराईंत पंचम स्वर लावणारा काळाभोर, लाल डोळ्यांचा पक्षी हा नर, कोकिळ होय. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, ती तसें गात नाहीं, आणि अंडीं घालते तीं कावळ्याच्या घरट्यांत. कित्येक पाहुणे याच सुमारास आपला निरोप घेतात. शेपूट नाचवीत ओल्या जमिनीवरून धांवणारे धोबी दिसेनासे होतात. पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर गर्दी करणाऱ्या गुलाबी अंगाच्या पळसमैना एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे निघून जातात.

डोळ्यांप्रमाणेंच कानांनींही पक्षी ओळखतां येतो, हें मला माझ्या आईनें शिकविलें. तिनें पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि कांचबिंदूमुळें तिची दृष्टि आतां जवळजवळ गेली आहे. ती सकाळीं मागच्या पडवींत खुर्ची टाकून बसते व परसांतील सर्व वर्तमान तेथूनच सांगते. "दयाळ आज लवकर उठला," "सातभाई पाल्यांत उतरले, आतां भांडतील," असें तिचें चालतें. शेवग्यावर तांबट टुक् टुक् करूं लागला म्हणजे आम्ही डोळस माणसें त्याला शोधीत राहतों. कारण तो ओरडतांना मान या बाजूस व त्या बाजूस वळवितो, आणि आवाज निरनिराळ्या दिशांनीं येत असल्याचा भास होतो. आई मात्र क्षणभर कान देऊन अचूक फांदी सांगते. आजकाल भ्रमणध्वनीस आवाज ऐकवूनही पक्ष्याचें नांव मिळतें. त्या सोयीचा उपयोग विद्यार्थ्यांनीं खुशाल करावा. परंतु तो पक्षी तेथें काय करीत आहे, कोणावर रागावला आहे, कोणाला बोलावीत आहे, हें जाणण्यास आपलाच कान लावावा लागतो.

नांव विचारल्यानें काय होतें, याचें एक उदाहरण सर्वांस ठाऊक असावें असें आहे. १८९६ सालीं मुंबईंत जन्मलेल्या सालिम अली यांनीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हें विचारण्यास त्यांना १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत जावें लागलें. तेथील सचिव मिलार्ड यांनीं त्या मुलास नांव तर सांगितलेंच, शिवाय पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखविला. त्या एका प्रश्नांतून पुढें आयुष्यभराचा अभ्यास उभा राहिला, आणि १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. बंदूक घेऊन निघालेला हात लेखणीकडे व दुर्बिणीकडे वळला.

आपल्यापैकीं प्रत्येकजण सालिम अली होणार नाहीं. पण ओळख झाली कीं हातांतील काम बदलतें, हा अनुभव परसांतही येतो. शेवग्याची वाळकी फांदी ही प्रथम नुसती वाळकी फांदी असते. तांबट आपल्या चोंचीनें अशाच मऊ लांकडांत ढोली कोरतो आणि त्यानें सोडलेली ढोली पुढें दुसऱ्या पक्ष्यास उपयोगी पडते, हें कळल्यावर घराच्या छपराला धोका नसेल तर ती फांदी आपण राहूं देतों. लिंबाखालचा पाला हा प्रथम केवळ केर असतो. सातभाई तो उलथून त्याखालचे किडे टिपतात हें पाहिल्यावर आपण तो जाळीत नाहीं, झाडांच्या आळ्यांत पसरतों. त्यानें जमिनीची ओल टिकते, पाणी कमी लागतें आणि सातभाईंचें ताटही मांडलेलें राहतें.

गतवर्षीं मार्चच्या मध्यास आमच्या कुंपणाचा प्रश्न असाच उभा राहिला. शाळेचा पारितोषिक-समारंभ जवळ आला होता आणि पाहुण्यांची वाट आमच्या कुंपणावरूनच जाते, म्हणून तें कातरून नीटनेटकें करावयाचें ठरलें. तिघां मुलांनीं एका बाजूनें आरंभ केला. अर्धें काम झालें असेल, तोंच पडवींतून आईनें हांक मारली: "अरे, मुलांना थांबव. त्या कोंपऱ्यांत बुलबुल केव्हांपासून ओरडताहेत. तेथें कांहीं तरी आहे. आधीं पहा, मग कात्री लावा."

आम्हीं मेंदी अलगद बाजूस सारून पाहिलें. कमरेएवढ्या उंचीवर काड्यांची व मुळ्यांची एक सुबक वाटी होती आणि तींत तांबूस ठिपक्यांचीं तीन अंडीं होतीं. कात्रीची पुढची खेप त्या वाटीवरच आली असती. एका मुलानें विचारलें, "सर, मग कुंपण असेंच राहणार का?" मीं त्याला हिशेब करावयास सांगितलें. बुलबुलाचीं अंडीं उबण्यास सुमारें चौदा दिवस, पिलें घरट्यांतून उडण्यास आणखी साधारण बारा-तेरा दिवस. म्हणजे कुंपणास चार आठवड्यांची रजा. समारंभाच्या दिवशीं तें अर्धी हजामत झालेल्या माणसासारखें दिसत होतें. जाणारे-येणारे हंसत होते, आणि मुलें प्रत्येकास थांबवून मोठ्या अभिमानानें कारण सांगत होतीं.

पांचव्या दिवशीं सकाळीं घरटें रिकामें झालें. मुलांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें: तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज कुंपणांत शिरला, आणि बुलबुलांचें जोडपें जिवाच्या आकांतानें ओरडत असतां अंडीं खाऊन सावकाश निघून गेला. ज्याचें दर्शन आपले लोक शुभ मानतात, तोच हा पक्षी! मुलांनीं दगड उचलले. मीं त्यांचे हात धरले, पण त्यांच्या डोळ्यांतील पाणी पाहून मला लगेच कांहीं बोलतां आलें नाहीं. अखेर इतकेंच म्हटलें कीं, भारद्वाजालाही पोट आहे आणि त्याचें खाणें त्याला असेंच शोधावें लागतें. आपल्याला मात्र मेंदी कातरल्यावांचून उपाशी राहावें लागत नव्हतें. आपल्या हातून जें टळण्याजोगें होतें, तेवढें आपण टाळलें.

मुलांचें समाधान झालें नाहीं. तें व्हावें अशी माझी अपेक्षाही नव्हती. सुमारें आठ दिवसांनीं आईनेंच पुन्हां सांगितलें, "बुलबुल आतां बोगनवेलींत बोलतात." जोडप्यानें कांट्यांच्या आड नवें घरटें बांधावयास घेतलें होतें. या वेळीं कोणी जवळ गेलें नाहीं. मुलें दहा पावलांवरून पाहत व तारखा वहींत टिपून ठेवीत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत दोन पिलें भिंतीवरून पेरूवर व पेरूवरून लिंबावर गेलीं. सुटीसाठीं गांवीं गेलेल्या एका मुलानें त्याच संध्याकाळीं फोन केला. परीक्षेच्या निकालाविषयीं त्यानें चकार शब्द काढला नाहीं, "पिलें उडालीं का, सर?" एवढेंच विचारलें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची 'केवढें हें क्रौर्य' ही कविता महाराष्ट्रांत अनेक पिढ्या शाळेंत शिकत आल्या. घायाळ झालेली पक्षिणी मरणाच्या दारीं असतांही आपल्या पिलांकडे परत येते, हें वाचून ज्याचें मन हेलावलें नाहीं असा विद्यार्थी विरळा. तसा निर्दय नेम धरणारा कोणी आपणांत नसेलही. पण घरटें मोडण्यास निर्दय असावेंच लागतें असें नाहीं. कात्री, कोयता, झाडू हीं निरुपद्रवी साधनें चांगल्या माणसाच्या हातीं, चांगल्या हेतूनें चालत असतांही तेंच घडतें. आणि पाहिलेंच नसल्यामुळें तें घडल्याचें त्या माणसास कळतही नाहीं. म्हणून डोळे व कान उघडे ठेवणें हा दयेचाच एक भाग आहे.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एक लहानशी वही करा. तींत रोज तारीख, वेळ, दिसलेला पक्षी आणि तो काय करीत होता, एवढेंच लिहा. नांव ठाऊक नसेल तर मापें, चोंच, शेपूट व आवाज लिहून ठेवा; नांव मागाहून मिळेल. सांवलींत मातीचा उथळ परळ ठेवून त्यांत दोन बोटें पाणी घाला, मध्यें एक दगड ठेवा म्हणजे लहान पांखरांना उभें राहतां येईल, आणि परळ रोज धुवा. मांजरास दबा धरतां येईल अशा झुडपाजवळ मात्र तो ठेवूं नका. पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलानें एखादी फांदी तोडूं नका म्हणून हट्ट धरला, तर त्याच्याबरोबर क्षणभर त्या फांदीपाशीं जावें व तिच्याकडे नीट पहावें. घरांत वडील माणसें असतील तर त्यांना विचारावें. पुष्कळ पांखरांचीं नांवें त्यांच्या तोंडीं अजून आहेत, आणि तीं विचारणाऱ्याची वाट पाहत आहेत.

मृगापूर्वी पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणूं लागेल. तेव्हां आमचें कुंपण कातरूं. अर्थात् आधीं पाहून, आणि आईस विचारून.