कोपऱ्यातले जावईबापू

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपात स्वतंत्र टेबल फक्त दोघांना आहे : मालकांना आणि चहाच्या मशीनला. लेथवर उभी हयात काढलेले कारागीर उलट्या क्रेटवर बसून डबा खातात. मशीन मात्र आल्या दिवसापासून सनमायकाच्या टेबलावर, हक्काच्या 15 अँपियरच्या पॉइंटपाशी, शेजारी 20 लिटरचा जार घेऊन बसलेलं. ही बडदास्त पाहून फिटिंगच्या पोरांनी त्याला ‘जावईबापू’ म्हणायला सुरुवात केली. नाव इतकं चपखल बसलं, की आता सर्व्हिसला येणारा मुलगाही ‘काय म्हणतायत जावईबापू?’ असं विचारतच आत शिरतो.

त्यांना आणलं ते सरळ हिशेबानं. पूर्वी टपरीवरचा पोरगा तारेच्या स्टँडमध्ये ग्लास अडकवून दहाला आणि चारला कटिंग आणायचा. त्याची वाट बघण्यात आणि तो आल्यावर गप्पांत बराच वेळ जाई. मशीन आलं की बटण दाबा, कप भरा, जागेवर जा. करणारं माणूस नको, भांडी नकोत. कोटेशनवर ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ असं ठळक छापलेलंच होतं.

जावईबापूंचं घराणं तसं फार जुनं. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं देवळासाठीच्या एका यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं आहे. नाणं टाकलं की त्याच्या वजनानं आतली तरफ झुके, झडप उघडे आणि ठरावीक पवित्र पाणी मिळे. नाणं घसरून पडलं की झडप बंद. 1880च्या दशकात लंडनमध्ये पर्सिव्हल एव्हरिट यानं पोस्टकार्ड विकणारं यंत्र काढलं. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर लाल-पिवळे दिवे लुकलुकवत वजन आणि भविष्य एकाच तिकिटावर छापून देणारं धूड, तेही याच गोतावळ्यातलं. पण या सगळ्यांचा धंदा कागदाचा किंवा साध्या पाण्याचा. नासण्यासारखं त्यांच्या पोटात काही नव्हतं. आमच्या जावईबापूंच्या पोटात दूध आणि साखर आहे, आणि त्यांची सगळी दुखणी तिथून सुरू होतात.

पुढचा दरवाजा किल्लीनं उघडला की वर तीन डबे दिसतात : चहा, कॉफी, मसाला दूध. प्रत्येकाच्या तळाशी एक मळसूत्री दांडी. बटण दाबलं की ती दांडी ठरावीक फेरे घेते आणि प्रीमिक्सची तेवढीच भुकटी पुढे ढकलते. भुकटी खालच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, पडते. बॉयलरमधलं नव्वदेक अंशांचं पाणी तिथंच येतं. बाउलच्या मागच्या बाजूला छोटी पंखुडी गरगर फिरून दोघांना घुसळते आणि नोझलमधून फेसासकट चहा कपात. किलोभर पुडीत सत्तर-ऐंशी कप निघतात.

यात गोम एकच. भुकटी वरून खाली येते आणि वाफ खालून वर जाते. दोघींची गाठ डब्याच्या तोंडाशी पडू नये म्हणून मागे एक लहानसा पंखा वाफ बाहेर ओढत असतो. त्याच्या जाळीवर धूळ आणि भुकटीचा थर बसला, की वाफ डब्याच्या तोंडापर्यंत चढते. साखर ती पिते, आणि तोंडाशी खडा धरतो. मग दांडी फिरते, आवाज येतो, पाणी पडतं, डिस्प्लेवर ‘थँक यू’ उमटतं आणि कपात नुसतं गढूळ गरम पाणी. पावसाळ्यात तर वाफेचीही गरज लागत नाही, हवाच पुरते. अशा वेळी लोक तेच बटण तीन-तीनदा दाबतात. फुगलेला खडा अधिकच घट्ट होतो आणि बाउल भरून सांडायला लागतो.

पाण्याच्या बाबतीत जावईबापू विलक्षण चोखंदळ. एकदा जार संपला म्हणून कुणीतरी बोअरचं पाणी भरलं आणि पुढे तीच सवय पडली. जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो. थर वाढला की ऊब पाण्याला पोचायला वेळ लागतो, ‘हीटिंग’ हा शब्द डिस्प्लेवरून हलत नाही आणि विजेचं बिल हळूच चढतं. यावर उतारा लिंबूसत्त्वाचा. ते कोमट पाण्यात विरघळवून बॉयलरमध्ये भरायचं, मुरू द्यायचं, मग साध्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुऊन काढायचं. पहिल्या पाण्यासोबत पांढरे खवले पडताना दिसतात. बरं, मग अतिशुद्ध पाणी द्यावं, तर तेही नको! बॉयलरमधली पातळी ओळखणाऱ्या कांड्या पाण्यातल्या क्षारांतून वाहणाऱ्या किंचित विजेवर चालतात. पाण्यात क्षार जवळजवळ नसलेच, तर भरल्या बॉयलरवरही जावईबापू ‘वॉटर लो’ म्हणून बसतात. म्हणजे मधलंच काहीतरी हवं.

हे झाले रुसवे-फुगवे. खरं दुखणं गुपचूप येतं. बाउलच्या कडेला, पंखुडीमागच्या रबरी सीलपाशी दुधाची साय धरते. ना धड थंड, ना धड गरम अशी ती जागा. 5 ते 60 अंशांच्या मधलं तापमान जिवाणूंना मानवतं. दुधाच्या भुकटीत बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते गरम पाण्याला दाद देत नाहीत. ओल, ऊब आणि वेळ मिळाला की ते उगवतात. त्यातून आत अंधार आणि साखर, म्हणजे झुरळांचीही सोय. चहाला आंबूस वास येतो तेव्हा सगळे म्हणतात, ‘प्रीमिक्स खराब आलंय.’ पुडी मात्र चांगली असते.

मावशींना हे सगळं ठाऊक आहे. झाडलोट आणि भांडी यांसाठी त्या आमच्याकडे आहेत आणि मशीन त्यांच्या वाट्याला न विचारता आलं. संध्याकाळी त्या आतलं रिन्सचं बटण दाबून धरतात आणि नोझलमधून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडत नाहीत. मग प्लग काढतात. बाउल फिरवून बाहेर, पंखुडी ओढून बाहेर. त्या पंखुडीच्या दातऱ्यांत दात घासायच्या जुन्या ब्रशनं असं काही कोरतात, की आमच्या क्वालिटीच्या माणसानं बघत राहावं. तारेच्या घासणीला बंदी : ओरखडा पडला की दूध तिथंच धरतं. ड्रिप ट्रे ओतून, धुऊन, पालथा. पंखुडी परत बसवताना दांड्याची सपाट बाजू जुळवायची आणि ‘टक्’ ऐकू येईपर्यंत दाबायची. सील तिरकं बसलं तर दूध मागे मोटारीत उतरतं. शनिवारी डब्यांची पाळी. डबा धुतला तर रात्रभर उघडा वाळवायचा, ओल्यात भुकटी भरायची नाही आणि जुन्यावर नवी ओतायची नाही. सोमवारचा पहिला कप मोरीत. दिवाळीच्या सुट्टीला बॉयलर रिकामा.

सर्व्हिसवाल्या मुलानं एकदा त्यांना विचारलं, ‘‘मावशी, फ्लशिंग रोज मारता ना?’’

‘‘मी मारते रे बाबा. मी गावी गेले की कोण मारतं, ते यांना विचार.’’

आम्ही सगळे एकदम कामाला लागलो.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंगवाल्यांसाठी दुसरं मशीन घ्यायचं ठरत होतं. मालकांनी कोटेशन टेबलावर पसरलं. मशीनची किंमत, प्रीमिक्स, जार, वर्षाचा मेंटेनन्स, सगळं ओळीनं मांडलेलं. मावशी कप गोळा करत होत्या.

‘‘साहेब, याला आंघोळ कोण घालणार?’’

‘‘ऑटोमॅटिक आहे ना मावशी.’’

‘‘हे पण ऑटोमॅटिकच आहे. सहाला सुटी होते माझी, याच्यापायी रोज पुढची बस घेते मी.’’

मालक थोडा वेळ गप्प राहिले. टपरीवरच्या पोराची मेहनत दहा आणि चारला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर यायची. ती मेहनत मशीननं संपवली नव्हती; सहानंतरच्या रिकाम्या वर्कशॉपात नेऊन ठेवली होती, जिथं ती बघायला कुणीच नसायचं. त्यांनी पेन काढलं आणि कोटेशनच्या तळाशी एक ओळ वाढवली : साफसफाई, रोज वीस मिनिटं, कामाच्या वेळेत. मग बेरीज पुन्हा केली.

दुसरं मशीन आलं नाही. आता शेवटचा चहा पाच चाळीसला मिळतो आणि सहाच्या ठोक्याला मावशी गेटबाहेर असतात. ड्रॉइंगवाल्यांना दोन थर्मास मिळाले. ज्यानं शेवटचा कप ओतला, त्यानं थर्मास विसळायचा असा नियम झाला, आणि तेव्हापासून वरच्या मजल्यावर दोन्ही थर्मासमध्ये तळाशी अर्धा कप चहा शिल्लक राहू लागला आहे.