काडी चौकोनी होती तोवर

हनोईच्या जुन्या भागात एक दिवसाच्या सहली विकणारी दुकानं पावलोपावली आहेत. आम्ही घेतलेल्या तिकिटावर तीन गावांची नावं होती, दुपारचं जेवण होतं आणि खाली इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ, 'स्वतःच्या हातांनी करून पाहा'. जेवणाचं मी आधीच सांगून ठेवलं, आम्हाला फक्त भात, भाजी आणि टोफू. हातांनी करून पाहण्याबद्दल मात्र माझ्या शौहरनी विचारलं, "काम करायचे पैसे आपण द्यायचे?" दुकानातल्या मुलीने हसून मान डोलावली.

बी.एड.ला असताना 'हाताने काम करत शिकणे' या विषयावर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. १९३७ची वर्धा परिषद, डॉ. झाकिर हुसैन समिती, टकळी, तकलादू गुण. पुढे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलं करून आम्ही तो विषय संपवला. त्यामुळे मला या सहलीची उत्सुकता होती, आणि थोडी शंकाही होती.

या गावांची एक गंमत सांगते. हनोईच्या दक्षिणेचा आणि नैर्ऋत्येचा हा मुलूख पूर्वी हा ताय नावाच्या वेगळ्या प्रांतात होता. २००८ साली तो प्रांत हनोईत विलीन झाला. शंभर हुन्नरांची भूमी अशी त्याची जुनी ओळख. एक गाव, एक काम. वान फुकमध्ये रेशीम, हा थाईमध्ये लाखेसारखं रोगणकाम, चुओंगमध्ये टोप्या. शहरातही तीच रीत. आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी, बोहरी आळी, तसे तिथे 'हांग'ने सुरू होणारे रस्ते आहेत. हांग बाक म्हणजे चांदीचा, हांग नॉन टोप्यांचा, हांग लुओक कंगव्यांचा. या कंगव्यांच्या रस्त्यावर हनोईची अल-नूर मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे व्यापार करणाऱ्या हिंदुस्थानी मुसलमानांनी ती बांधली. आदल्या दिवशी आम्ही तिथे नमाज पढून आलो होतो. इतक्या लांब, कंगव्यांच्या आळीत, आपल्याच मुलखातल्या माणसांनी बांधलेली मशीद पाहून छाती भरून आली.

पहिलं गाव हा थाई. सोन नावाच्या झाडाला चिरा देऊन चीक काढतात, तो गाळून, ढवळून लाकडावर थरावर थर चढवतात. प्रत्येक थर वाळला की पाण्याखाली घासायचा, पुन्हा नवा थर. आणि हे रोगण कोरड्या हवेत नीट वाळत नाही, त्याला दमट हवा लागते. आपल्या पावसाळ्यात पापड वाळत नाहीत म्हणून आपण रडतो, इथे ओलाव्याची वाट बघतात. कच्चा चीक अंगाला लागला तर फोड येतात. आपला बिब्बा उततो ना, तसंच. झाडंही एकाच कुळातली. आता बरेच जण खऱ्या सोनऐवजी काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं रोगण वापरतात, ते स्वस्त पडतं. हे आमच्या गाइडने लपवलं नाही, याचं मला बरं वाटलं.

आमच्या हातात अंड्याची टरफलं दिली. नैसर्गिक रोगण मुळात तपकिरी, त्यात पांढरा रंग उतरत नाही. म्हणून पांढरं हवं तिथे टरफलाचे तुकडे एकेक करून चिकटवतात. वीस मिनिटांत माझं एक बोटभर ढग झालं. शेजारच्या फ्रेंच आजोबांचं तेवढंही झालं नाही, ते खूश होते.

भिंतीवर काळ्या रोगणाच्या मोठ्या पाट्या होत्या, सोनेरी जुन्या अक्षरांच्या. घरात पूर्वजांच्या देवघरावर लावायच्या. मी गाइडला विचारलं, काय लिहिलंय? पंचविशीतला मुलगा, इंग्रजी अस्खलित. म्हणाला, "माझ्या पणजोबांना विचारावं लागेल." व्हिएतनामी भाषा शतकानुशतकं चिनी वळणाच्या अक्षरांत लिहिली जात होती. सतराव्या शतकात पाद्र्यांनी तिला रोमन लिपीत बसवलं, पुढे फ्रेंच अमलात ती लिपी रुजली आणि १९१९ साली जुन्या लिपीतली शेवटची राजदरबारी परीक्षा झाली. नवी लिपी शिकायला सोपी, त्यामुळे साक्षरता वाढली, हे मान्यच. पण ज्या घरात पाटी टांगलेली आहे त्या घरातल्या कोणालाच ती वाचता येत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. आजोबांची पत्रं मोबाइलवर फोटो काढून मला पाठवणारे आणि 'मॅडम, वाचून सांगा ना' म्हणणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. पाटीपुढे मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. गाडीवाल्याने हॉर्न दिला.

दुसरं गाव क्वांग फू काऊ, हनोईपासून साधारण पस्तीस किलोमीटर. इंटरनेटवर व्हिएतनामचे फोटो शोधलेत तर लाल फुलांचं एक अंगण दिसेल आणि मधे शंकूसारखी टोपी घातलेली बाई. ती फुलं नव्हेत, उदबत्तीच्या काड्या आहेत. एक टोक गडद लाल रंगात बुडवून, जुडी बांधून, घागऱ्यासारखी पसरून उन्हात ठेवलेल्या. पावसाचा थेंब पडला की सगळं गाव पळत सुटतं. आता तिथे काड्यांचा व्हिएतनामचा नकाशा मांडलेला असतो, शिडीवर चढून फोटो काढायचा, त्याचे पैसे वेगळे. पर्यटकांसाठी पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या जुड्याही. मला तो भाग आवडला नाही. भिंतीपलीकडे खऱ्या कामाचा ढीग होता, तिथे रंग नव्हते.

इथे मला माझ्या घरचं सांगणं भाग आहे.

आमची गल्ली सोलापुरातली. निम्म्या घरांत विड्या वळल्या जायच्या, चार-पाच घरांत अगरबत्ती. आमचं घर त्या चार-पाचांतलं. ठेकेदाराचा माणूस काड्या आणि मसाला टाकून जायचा. मसाला म्हणजे कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट, म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड. अम्मी तो पीठ मळावं तसा मळायची, पाटावर काडी ठेवायची आणि तळहाताने एकदाच पुढे ढकलायची. एका फटक्यात काडी भरली पाहिजे. दुसऱ्यांदा हात फिरवला की जाड-बारीक होते, आणि ठेकेदार जाड-बारीक बाजूला काढून हजारातून वजा करायचा. भाव हजारावर. सुगंध पुढे कारखान्यात लावत, आमच्या घरात फक्त काळी पूड. अम्मीच्या हातांच्या रेषा रॉकेल आणि साबणाने घासूनही काळ्या राहायच्या. माझ्या वह्यांच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा असायचा, कारण रात्री ती मला सबक म्हणायला लावायची. तिला स्वतःला कुरआन वाचता यायचं, उर्दू जेमतेम.

ती काडी चौकोनी असायची. बांबू हाताने चिरून केलेली, बहुतेक त्रिपुरातून आलेली. चौकोनी काडीला हाताने लावलेला मसाला धरतो. अम्मीचा आवाज अजून कानात आहे, "काडी गिली है तो मसाला पकडता नै, पहले सुका." पुढे यंत्रं आली. यंत्राला गोल काडी लागते, एकसारख्या जाडीची. आपल्याकडे तशी पुरेशी होत नव्हती, म्हणून व्हिएतनाम आणि चीनमधून गोल काड्या येऊ लागल्या, मग मसाला लावलेली कच्ची बत्तीही तिकडूनच. ठेकेदाराचा माणूस आधी आठवड्यातून एकदा येऊ लागला, मग महिन्यातून, मग आलाच नाही. अम्मीने शेवटी पाट स्वयंपाकघरात नेला आणि त्यावर पोळ्या लाटल्या.

आणि मी उभी होते त्या गोल काडीच्या गावात.

एका शेडमध्ये पन्नाशीतली एक बाई यंत्रावर बसली होती. एका बाजूने काड्यांची मूठ लावायची, दुसऱ्या बाजूने मसाला लागलेल्या बत्त्या फटाफट बाहेर. मला खुर्ची देऊन म्हणाली, करा. मी दोन मिनिटं करून उठले. मग व्हिडिओ कॉल लावून अम्मीला दाखवलं. सत्तरी ओलांडली आहे तिने. चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "इत्ती तेज? फिर हाथ कहाँ लगता?" मी फोन त्या बाईच्या हातांकडे वळवला. तिची बोटं लाल होती, नखांच्या कडा लाल, रेषा लाल. अम्मी एवढंच म्हणाली, "उसको पूछ, किससे निकलता."

मी गाइडमार्फत विचारलं. बाई म्हणाली, निघत नाही. टेट म्हणजे त्यांचं नवं वर्ष, त्याच्या आधी तर अजिबातच नाही, तेव्हा सर्वांत जास्त काम. मग तिने विचारलं, तुम्ही कुठल्या? इंडिया म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. राग नव्हता, आपण जुन्या गिऱ्हाइकाकडे बघतो तसं काहीतरी. ती भराभरा बोलली आणि गाइडने थोडक्यात सांगितलं, 'पूर्वी यांचा खूप माल तुमच्याकडे जायचा. मग तुमच्या सरकारने थांबवला.'

ते खरं आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी भारताने अगरबत्तीची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधांच्या यादीत टाकली. जून २०२०मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केलं. तेव्हा ती बातमी वाचून मी खूश झाले होते. आपल्या बायांना काम मिळेल, त्रिपुराच्या बांबूला भाव मिळेल. आजही मला तो निर्णय चूक वाटत नाही. पण अम्मीचं काम त्याने परत आलं नाही, कारण तोवर यंत्र आपल्याकडेही बसलं होतं. आणि इकडे या गावात तयार जुड्या पडून राहिल्या. फायद्या-तोट्याचा हिशोब मांडायला दोन्हीकडे कोणी अधिकारी असतील. या दोघी बाया त्या हिशोबात कुठे होत्या, मला तरी दिसल्या नाहीत. मी तिला सांगितलं, माझी आई हेच काम करायची, हाताने. गाइडने सांगितल्यावर ती उठली, माझा तळहात उलटा करून पाहिला, स्वच्छ होता. काहीतरी बोलून हसली. गाइडने भाषांतर केलं, "म्हणते, आईने चांगलं केलं."

'उदबत्ती' या आपल्या शब्दातला उद म्हणजे अरबी ऊद, अगरूचं लाकूड. मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर चंपा नावाचं राज्य होतं. अरब प्रवासी त्याला सन्फ म्हणत आणि तिथल्या अगरूला ऊद सन्फी, व्यापारात त्याचा मोठा मान. त्या चाम लोकांचे वंशज आजही दक्षिणेत आहेत, त्यांतले बरेच मुसलमान. म्हणजे आमच्या घरात लोबानाबरोबर जळणाऱ्या वस्तूचं नाव एकीकडून आलं, काडी दुसरीकडून, आणि मधे अम्मीचा तळहात. दर गुरुवारी संध्याकाळी ती एक अगरबत्ती लावायची, ठेकेदाराने जाड-बारीक म्हणून परत केलेल्यांतली. तिला वास नसायचाच.

जेवणानंतर चुओंग. टोपीला तिथे नॉन म्हणतात. ताडासारख्या झाडाची पानं वाळवून, तापलेल्या लोखंडी फाळावर कापडाच्या बोळ्याने दाबत इस्त्री करतात. पान पांढरं, सपाट, कागदासारखं होतं. मग शंकूच्या साच्यावर बांबूच्या सोळा कड्या, त्यांवर पानांचा थर, मधे बांबूचं साल, वर पुन्हा पानं, आणि कडीगणिक बारीक टाके. ऊन आणि पाऊस दोन्हीला एकच वस्तू. कोकणातल्या इरल्याची आठवण होतेच, फक्त इरलं आता संग्रहालयात शोधावं लागतं आणि नॉन घातलेली बाई रस्त्यावर सायकल चालवताना दिसते.

गावाच्या जुन्या सार्वजनिक वास्तूच्या ओसरीवर आठ-दहा म्हाताऱ्या शिवत बसल्या होत्या. अशा गावांत हुन्नर शिकवणाऱ्या मूळ पुरुषाला मानतात, त्याच्या नावाने जत्रा करतात. मी गाइडला म्हटलं, आमच्याकडेही आहे असं. दर्जी आपलं नातं हजरत इद्रीसशी सांगतात, लोहार हजरत दाऊदशी, विणकर हजरत शीसशी. पूजा नाही, पण काम सुरू करताना नाव घ्यायचं. त्याने विचारलं, अगरबत्तीवाल्यांचं कोण? मला उत्तर आलं नाही. घरी बसून हजारावर काम करणाऱ्या बायांना कोणी पीर दिला नसावा.

आम्हा सर्वांना मिळून एक टोपी दिली होती. फ्रेंच आजोबांनी चार टाके घातले, त्यांच्या पत्नीने चार, शौहरनी दोन, मी सहा. फोटो झाले. म्हातारीने टोपी परत घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि आमच्यादेखतच सुईच्या टोकाने आमचे सगळे टाके एकेक करून उसवायला लागली. तिला कसलाच संकोच नव्हता. गाइड मात्र ओशाळला. घाईघाईने समजावू लागला की टोप्यांचा बाजार त्यांच्या चांद्रमासाच्या ४, १०, १४, २०, २४ आणि ३० तारखेला पहाटे भरतो. त्यांचा चांद आमच्यापेक्षा एक-दोन दिवस पुढे चालतो, हे मी बोटांवर मोजून पाहिलं. परवा दहा तारीख होती, आणि ती टोपी बाजारात जायची होती.

उसवून झाल्यावर तिने दोरा दातांनी तोडला, नवा ओवला आणि पहिल्या कडीपासून सुरुवात केली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने पानांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला, त्याला धरून ठेव, एवढ्याचसाठी.