तेवढं लेखी द्या

"अभिनंदन! आता बाळाकडे बघा, विश्रांती घ्या. कामावर रुजू झालात, पहिली पगाराची स्लिप आली, की कर्जाचं पुढे बघू." फोनवरच्या बाई अगदी मायेनं बोलत होत्या. तेवढ्या मायेत आमचं घर मात्र हातचं जाणार होतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आम्ही घर ठरवून इसार दिला होता. कर्ज दोघांच्या पगारावर बसत होतं. मुलगी झाली आणि मी रजेवर गेले. रजा संपायची तारीख, तोच हुद्दा, तोच पगार, असं सगळं लिहिलेलं कंपनीचं पत्र अर्जाला जोडलं होतं. तरी माझा पगार हिशेबातून उडाला.

बाळंतपणासाठी आलेली आई डिंकाचे लाडू वळता वळता म्हणाली, "त्यांचंही खरंच आहे गं. उद्या तू नोकरी सोडलीस तर?"

अमेरिकेत एके काळी हीच रीत होती. विवाहित बाईचा पगार कर्जासाठी अर्धाच धरायचे, नाहीतर धरायचेच नाहीत. काही ठिकाणी तर मूल होणार नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी मागायचे. १९६८चा न्याय्य गृहनिर्माण कायदा आला तो कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्यावर सही झाली. स्त्रियांना त्याचं संरक्षण १९७४ साली मिळालं, गरोदर बायकांना आणि लेकुरवाळ्या कुटुंबांना १९८८ साली. मी कामावर केव्हा परतणार, हे बँक विचारू शकते. पण परतीचा कागद समोर असताना निव्वळ बाळंतीण म्हणून माझा पगार शून्य धरू शकत नाही.

मांडीवर मुलगी झोपलेली, एका हातानं मी मेल टाइप केली : "माझा पगार का धरला नाही, ते लेखी कळवा." समान पतसंधी कायद्यानं कर्ज नाकारण्याचं कारण मागायचा हक्क मला आहे, हेही लिहिलं. केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे वर्षभराच्या आत तक्रार करता येते आणि तिला एक पैसाही पडत नाही, याची आठवण शेवटच्या ओळीत करून दिली.

लगेच वरच्या साहेबांचा फोन आला. "थोडा गैरसमज झाला." फाइलमध्ये पहिल्यापासून असलेलं कंपनीचं पत्र आता त्यांना दिसलं होतं. कर्ज मंजूर झालं, रजा संपायच्या आत किल्ल्याही मिळाल्या.

लेखी कारण मात्र आजतागायत आलेलं नाही. कागदावर मांडता येण्याजोगं ते नव्हतंच.