नेब्रास्काला रोड टच

मी ओमाहात राहतो. ओमाहा नेब्रास्कात आहे, आणि नेब्रास्का कुठे आहे हे मला इथे नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. गावी कुणी विचारलं तर अजूनही 'अमेरिकेच्या मधोमध' एवढंच सांगतो. पन्नास राज्यांत हे एकच राज्य असं आहे, की इथून समुद्राकडे कुठल्याही दिशेने निघालात तरी मध्ये किमान तीन राज्यं किंवा कॅनडाचे प्रांत ओलांडावे लागतात. दक्षिणेला निघालं तर कॅन्सस, मग ओक्लाहोमा, मग टेक्सास, आणि मग कुठे आखाताचं पाणी. सरळ रेषेत मोजलं तरी जवळपास 1,300 किलोमीटर.

तरीही या राज्याला आरमार आहे. 1931 साली राज्यपाल चार्ल्स ब्रायन राज्याबाहेर गेले होते आणि कारभार उपराज्यपाल थिओडोर मेटकाफ यांच्याकडे होता. त्यांनी गंमत म्हणून आपल्या काही लोकांना 'नेब्रास्का राज्याच्या महान आरमाराचे ॲडमिरल' करून टाकलं. ती पदवी आजही देतात. जहाज एकही नाही, ॲडमिरल मात्र ढीगभर. आमच्या ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याच्या डेस्कमागे असं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. जानेवारीत एकदा जेवताना तो म्हणाला, "आरमार तयार आहे, आता फक्त समुद्र द्या."

बाहेर उणे वीस होतं, शनिवार-रविवार समोर होता आणि मला कुठे जायचं नव्हतं. म्हटलं, देऊ.

खेळाचा नियम सोपा ठेवला: अमेरिकेच्या सीमा अशा नव्याने आखायच्या की प्रत्येक राज्याला समुद्र मिळाला पाहिजे. आज पन्नासपैकी 23 राज्यांना समुद्र आहे, 27 कोरडी. पंचमहासरोवरांना समुद्र मानलं तर आणखी सात सुटतात आणि वीस उरतात. पण सरोवर मानायचं की नाही हे मी ठरवणारा कोण? 1998 मध्ये व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी एका विधेयकात हळूच एक ओळ घालून लेक शॅम्प्लेनला सहावं महासरोवर करून टाकलं होतं, कारण त्यामुळे संशोधनाचा निधी मिळत होता. 6 मार्चला सही झाली, बाकीच्यांच्या लक्षात आलं, ओरड झाली आणि 24 मार्चला ते पद गेलं. अठरा दिवसांची बढती. मी ठरवलं, सरोवरं बाद. खारं पाणीच पाहिजे.

जनगणना खात्याच्या साइटवर काउंट्यांचे नकाशे फुकट मिळतात. ते पायथनमध्ये घेतले. फाइलमध्ये राज्यांशिवाय इतरही भाग असतात, ते एका ओळीत गाळले. उरले पन्नास. मग तीन अटी घातल्या. राज्याचे तुकडे पडायचे नाहीत, राजधानी राज्यातच राहायची आणि समुद्राला किमान एक काउंटी लागायची. रन केलं.

पहिल्या प्रयत्नात नेब्रास्काची पट्टी थेट टेक्सासच्या मधून खाली गेली आणि टेक्सासचे दोन तुकडे झाले. तेव्हा कळलं, की किनाऱ्यावरच्या राज्याच्या मधून वाट काढली की ते फाटणारच. वाट काढायची ती दोन राज्यांच्या सीमेवरूनच. म्हणजे बांधावरून. मग नेब्रास्काला कॅन्सस आणि मिझुरीच्या मधून खाली आणलं. पण कॅन्सस सिटी हे शहर आधीच दोन राज्यांत वाटलेलं आहे. तिथे स्टेट लाइन रोड नावाचा रस्ताच आहे, एका फुटपाथवर मिझुरी, समोरच्या फुटपाथवर कॅन्सस. आता त्या रस्त्यावर मधोमध नेब्रास्का. पुढे ओक्लाहोमा आणि आर्कन्साच्या मधून, मग टेक्सास आणि लुइझियानाच्या मधून सबीन नदीच्या काठाने आखातापर्यंत. पण कॅन्सस, ओक्लाहोमा, मिझुरी, आर्कन्सा यांनाही तोच बांध हवा. शिवाय पट्ट्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. पश्चिमेकडचा पश्चिमेलाच राहणार. सबीनच्या मुखाशी एसटी स्टँडवर सणाच्या आदल्या दिवशी असते तशी रांग लागली.

न्यू मेक्सिकोला मी रिओ ग्रान्दे नदीच्या काठाने समुद्रापर्यंत नेलं, तर टेक्सासची मेक्सिकोशी असलेली सीमाच संपली. ॲरिझोनाला सॅन डिएगोकडे सरकवलं, तिथे युटा येऊन उभं. युटाचा हक्क तसा जुना. 1849 मध्ये मॉर्मन लोकांनी 'डेझरेट' नावाचं राज्य मागितलं होतं आणि त्यात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचा तुकडा धरला होता. पुढच्या वर्षी काँग्रेसने त्यांना किनारा वगळून युटा टेरिटरी दिली.

हसत हसत हे वाचत गेलो आणि लक्षात आलं, की माझा खेळ खोटा नाहीये. अमेरिकेने हे खरोखर केलेलं आहे. पेनसिल्व्हेनियाला ईरी सरोवराचा काठ जवळजवळ नव्हताच. 1792 मध्ये त्यांनी केंद्र सरकारकडून एक त्रिकोणी तुकडा सुमारे दीड लाख डॉलरला विकत घेतला. 1816 मध्ये इंडियाना राज्य होताना तिची उत्तर सीमा दहा मैल वर सरकवली, का तर मिशिगन सरोवराचा काठ मिळावा. दोन वर्षांनी इलिनॉयने तेच केलं आणि अख्ख्या शिकागोची जागा त्यांच्या हद्दीत आली. मिसिसिपी आणि अलाबामाचा नकाशा बघा, दोघांनीही आखातात एकेक पाय सोडलाय. ते पाय जुन्या वेस्ट फ्लोरिडाचे. टोलेडोच्या पट्टीवरून 1835 मध्ये ओहायो आणि मिशिगन यांनी एकमेकांवर लोक धाडले. त्या 'युद्धात' एका डेप्युटी शेरीफला चाकू लागला, तोही वाचला. चाकू मारणाऱ्याचं नाव टू. म्हणजे दोन. त्याच्या मोठ्या भावाचं नाव वन.

वन आणि टूची गोष्ट अण्णांना सांगावी म्हणून रविवारी फोन केला. अण्णा हसले नाहीत. त्यांच्यासमोर वहीचा कागद होता.

"तू कॉम्प्युटरवर नकाशे काढतोस ना? आपल्या रानाचा काढून दे. वाटणीचा."

आजोबा जाऊन वर्ष झालं. साडेचार एकर रान, लांबट. पुढची 198 फूट बाजू डांबरी रस्त्याला आणि आत 990 फूट खोल. तो रस्ता मोठा होणार म्हणतात तेव्हापासून गावात एकच शब्द चालतो: रोड टच. तात्यांना रोड टच पाहिजे, अण्णांना रोड टच पाहिजे, बाळूकाका तर म्हणतो मागची जमीन फुकट दिली तरी नको. मग काय करायचं? लांब पट्ट्या पाडायच्या. तिघांना प्रत्येकी 66 फूट रुंद आणि 990 फूट लांब. विहीर बाळूकाकाच्या पट्टीत जाते, आंब्याचं झाड बांधावर येतं.

मी लॅपटॉप उघडला. एका खिडकीत सबीन नदीच्या मुखाशी लागलेली रांग होती, दुसऱ्या खिडकीत मी आमच्या रानाच्या पट्ट्या पाडत होतो. दोन्ही चित्रं एकाच माणसाने काढल्यासारखी दिसत होती. ती तशी होतीच.

सोमवारी त्या ॲडमिरल सहकाऱ्याला राज्यांचा नकाशा दाखवला. तो खूप हसला. मग पोटोमॅक नदीजवळ बोट ठेवून म्हणाला, "इथे भोक पडलंय."

वॉशिंग्टन डीसी. 'इतर भाग' म्हणून मीच एका ओळीत गाळलेलं. तिथे वायोमिंगपेक्षा जास्त माणसं राहतात. कर भरतात, पण सिनेटमध्ये त्यांचा एकही माणूस नाही. प्रत्येकाला न्याय देणारा नकाशा काढताना मी आधी यादी केली होती, आणि ती चुकली हे कुठल्याच एररने सांगितलं नाही. कोड व्यवस्थित चालला होता.

घरी जाऊन मी दुसरी खिडकी उघडली. तिथेही मी तीन लिहिलं होतं.

आजोबांना मुलं चार. आत्या सगळ्यांत मोठी. तिचं नाव वारसनोंदीत, सातबाऱ्यावर सगळ्यांबरोबर लागलेलंच आहे. 2005 पासून तर मुलीचा हक्क मुलाइतकाच, याबद्दल कायद्यात शंका नाही. फक्त घरात असं ठरलेलं होतं, की आत्या हक्कसोड देणार. कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे मला आठवत नाही. कदाचित कुणी ठरवलंच नसेल. मी इंजिनिअरिंगला असताना मेसचे पैसे दोन वर्षं आत्याने पाठवले होते. तिच्या म्हशींच्या दुधाचे. आणि तिला गाळायला मला एक ओळसुद्धा लिहावी लागली नव्हती.

तिला फोन केला. तिने आधी थंडीची चौकशी केली, मग जेवणाची. मी अडखळत विचारलं, "आत्या, सही करणारेस?"

"करीन की. माहेर राहायला नको का?" मग थोडा वेळ गप्प राहिली. "मला रस्त्याकडंचं कशाला हवं बाळा? मी काय हॉटेल टाकणारे? पण एकदा इचारलं असतं कुणी, तर बरं वाटलं असतं."

त्या रात्री पट्ट्यांबद्दल पुन्हा वाचत बसलो. लेविस्टन हे आयडाहोतलं गाव पॅसिफिकपासून नदीमार्गे 465 मैल आत आहे आणि तिथे बंदर आहे. कोलंबिया आणि स्नेक नद्यांतून बार्ज तिथपर्यंत येतात. ओक्लाहोमातल्या तल्सापाशीही बंदर आहे, 1971 मध्ये खुल्या झालेल्या जलमार्गावर. या दोन्ही राज्यांना किनाऱ्याची पट्टी कुणी कापून दिली नाही. जाण्यायेण्याचा हक्क होता, तेवढा पुरला. मिसिसिपीला मिळणारे जलमार्ग सगळ्यांना कायम खुले आणि करमुक्त राहतील, असं 1787 च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समध्येच लिहून ठेवलेलं आहे. उलट त्या काळातल्या न्यू जर्सीला समुद्र होता, पण माल उतरायचा न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियात, आणि जकात त्यांच्या तिजोरीत जायची. नुसता काठ असून भागत नाही.

आपल्याकडेही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143 आहे. शेतात जायला वाट नसेल तर बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. तिथपर्यंत जायचीही गरज नाही, घरातल्या घरात ठरवता येतं.

शनिवारी ग्रुप कॉलवर मी दोन गोष्टी मांडल्या. एक, रान आडवं वाटू, एका बांधाने सगळ्यांसाठी वाट ठेवू आणि रस्त्यालगतची पुढची दहा गुंठे सामाईक ठेवू. दुसरी, वाटे चार.

तात्या म्हणाले, अमेरिकेत बसून शहाणपणा सुचतो. बाळूकाकाचा कॅमेरा बंद झाला. आई मागे उभी होती, ती काही बोलली नाही, पण गेलीही नाही. अण्णा म्हणाले, "बघू," आणि कॉल संपला. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. सायकल मागितली तेव्हाही ते 'बघू' म्हणाले होते, आणि ती आली नव्हती.

नकाशात मी डीसी परत घातलं. एक्कावन्न झाले, आणि चेसापीकजवळची सगळी गणितं नव्याने करावी लागली. मेरीलँडची वाट लागली.

बुधवारी पहाटे साडेचारला फोन वाजला. अण्णांना वेळेचा फरक नेमका उलटा लक्षात राहतो. हॅलो नाही, थंडी नाही, जेवण नाही.

"चौघांत केली तर रुंदी किती येते रं?"

"साडेएकोणपन्नास फूट," मी म्हणालो. "पण अण्णा, पट्ट्या नका पाडू."

"आधी लिहून तर घेऊ दे," ते म्हणाले. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.