26 आठवड्यांचा हिशेब

रविवार, रात्री अकरा

सासूबाईंनी आज पुन्हा विचारलं, “दुसऱ्याचं काय ते मनावर घ्या आता.” मी हसून वेळ मारून नेली. डोक्यात मात्र एप्रिलचं अप्रेझल, घराचा हप्ता आणि लेकीची बालवाडी एकदमच सुरू झाली.

कायदा तसा उदार आहे. 2017च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. पहिल्या दोन मुलांसाठी. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मागच्या वेळी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, ते आठही संपले. लेकीच्या वाट्याला उरले 18. सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजा म्हणतात. मी साडेचारव्या महिन्यात ऑफिसच्या स्टोअररूममध्ये दाराला खुर्ची लावून दूध काढत होते.

ईएसआयचा विमा नसेल तिथं या रजेचा पगार मालकाच्याच खिशातून जातो. म्हणून तर मुलाखतीत “लग्नाला किती वर्षं झाली?” असं सहज विचारतात. बायका मग आधी नोकरीत कायम होतात, आणि मूल पुढे ढकलतात.

पोळ्या करणाऱ्या मावशींच्या सुनेला तर रजाच नाही. सव्वा महिन्यात ती कामाला लागली, नाहीतर कामाची घरं सुटली असती. ती म्हणते, “एकच बास.”

खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसही रजा नाही. सासूबाईंचा प्रश्नही त्यामुळे मलाच येतो. उद्या म्हणणार आहे, एकदा तुमच्या मुलालाही विचारा.